घराजवळचं छोटं दुकान : रोज वापरून लिहिलेला रिव्ह्यू

रिव्ह्यू म्हटलं की फोन, मिक्सर, हॉटेल असलं काहीतरी असतं. मला आज लिहायचंय घराजवळच्या छोट्या दुकानाबद्दल. अमुक एक दुकान नाही, तो सगळा प्रकारच, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर असतो, माल त्याने स्वतः निवडून आणलेला असतो आणि रात्री शटर ओढून तो त्याच भागातल्या आपल्या घरी जातो. हार्डवेअर, मेडिकल, स्टेशनरी, वाण्याचं दुकान, पुस्तकांचं दुकान, कपडे अल्टर करणारा टेलर, चपला-बॅगा शिवून देणारा, सायकलवाला, सगळे यात आले. मी मोठ्या स्टोअरमध्येही जाते, ॲपवरूनही मागवते, म्हणजे तुलना करूनच लिहितेय. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे सांगते, पण हे साडेचार एका अटीवर आहेत, की रोजची साधी खरेदी तिथे करायची. फक्त अडल्यावर धावत जाण्यापुरतं ठेवलं तर ही सेवा मिळत नाही, थोड्या दिवसांनी दुकानच मिळत नाही.

आधी मिळतं काय ते. हार्डवेअरच्या दुकानापासून सुरुवात करते कारण तिथे फरक सगळ्यात पटकन कळतो. नळ गळतोय, आतला वायसर झिजलाय. ऑनलाइन शोधलं तर मिलिमीटरमध्ये पन्नास साइज येतात, त्यातला आपला कुठला ते कळत नाही, आणि कळला तरी दहाचं पाकीट घ्यावं लागतं. दुकानात आपण तो जुना झिजलेला तुकडा घेऊन जातो, तो माणूस हातात घेऊन बघतो, विचारतो नळ कुठला, किती जुना, आणि मागच्या खोक्यातून बरोब्बर एकच काढून देतो. एकच! कधी म्हणतो वायसर नकोच, आतला स्पिंडल गेलाय, हे लावून चार दिवसांत परत याल. ही जी चार वाक्यांची चौकशी आहे ना, ती त्या वस्तूच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहे आणि बिलावर तिची ओळ कुठेच नसते.

मेडिकलचं त्याहून गंभीर आहे. एकाच वेळी दोन-तीन डॉक्टरांची औषधं चालू असलेला माणूस घेतला तर दोघांनी वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने एकच औषध लिहिलेलं असू शकतं. पॅरासिटामॉल तर तापाच्या गोळीत असतं आणि सर्दीच्या कॉम्बिनेशनमध्येही असतं, आणि दोन्ही घेतल्या की डोस नकळत वाढतो, जास्त झालं तर लिव्हरला त्रास. ज्या फार्मासिस्टकडे तुम्ही सगळी औषधं एकाच ठिकाणी घेता त्याच्या हे लक्षात यायची शक्यता खूप जास्त असते, कारण त्याला तुमचा कागदही दिसतो आणि तुम्हीही दिसता. इथे सवलत मिळाली तिथून आणि तिथे ऑफर होती तिथून अशी औषधं गोळा केली की पूर्ण चित्र कुणाकडेच राहत नाही. मी म्हणेन दुसरं काही नाही जमलं तरी औषधांचं दुकान एकच ठेवा आणि तिथल्या माणसाशी बोला.

आता हे सगळं पूर्वी दुकान म्हटल्यावर आपोआपच मिळायचं. सगळीच दुकानं काउंटरवाली होती, आपण यादी सांगायची, दुकानदार काढून, मोजून, बांधून द्यायचा. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने पिग्ली विग्ली नावाचं दुकान काढलं, त्यात गिऱ्हाइकाने स्वतःच फिरून माल उचलायचा, आणि या सेल्फ सर्व्हिसच्या मांडणीचं त्याने १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. १९३० मध्ये मायकल कलनने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजच्या जागेत किंग कलन सुरू केलं, मोठी जागा, ढिगाने माल, कमी भाव. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनने ढकलायची ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवायचे. आणि २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावात मार्श सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदा एका पाकिटावरचा आजच्या पद्धतीचा बारकोड स्कॅन झाला. हे मी इतकं लांबवतेय कारण ओळीने बघितलं की एक गोष्ट दिसते, प्रत्येक पायरीवर दुकानदाराचं एकेक काम काढून आपल्याकडे आलंय. शोधायचं आपण, उचलायचं आपण, वाहायचं आपण, आता तर बिलही आपणच स्कॅन करून करतो. त्याच्या बदल्यात भाव कमी झाले हे खरंय, आणि ते लहानसहान नाही, कोट्यवधी घरांना त्याचा फायदा झाला, मी ते नाकारत नाहीये. पण विचारायला माणूस होता ते काम कुणीच उचललं नाही. पाकिटावरची जाहिरात ते करत नाही. स्टार रेटिंग थोडंफार करतं, पण त्याला तुमचा नळ माहीत नसतो.

म्हणून छोट्या दुकानाची तुलना फक्त भावावर करणं मला पटत नाही. ज्या सेवेचे पैसे आपण देतोय ती वापरायचीच नाही आणि मग महाग आहे म्हणायचं, असं होतं ते.

आता आधी सांगितलेल्या अटीकडे येते, कारण माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. बहुतेक जणांना छोटी दुकानं आवडतात. कुणालाही विचारा, सगळे म्हणतील टिकली पाहिजेत. पण महिन्याची मोठी खरेदी बाहेर, आणि दुकानात फक्त संपलेली, विसरलेली, रात्री उशिरा लागलेली वस्तू. यात दुकानाचं काय होतं ते आकड्यात बघा. उदाहरण म्हणून साधे आकडे धरते, प्रत्येक धंद्याचं प्रमाण वेगळं असतं. समजा विक्री १०० आहे. त्यातले ८५ माल आणायला गेले, उरले १५. त्यातून भाडं, वीज, मदतनिसाचा पगार मिळून १० गेले. मालकाच्या हातात ५. आता दहा टक्के गिऱ्हाईक कमी झालं, विक्री ९०. मालावरचं मार्जिन राहिलं साडेतेरा, भाडं, वीज, पगार तेवढेच, म्हणजे १० गेलेच, हातात साडेतीन. गिऱ्हाईक दहा टक्के गेलं आणि कमाई तीस टक्के गेली! विक्री ८० वर आली तर हातात फक्त २. आणि ७० ला जेमतेम अर्धा, म्हणजे ०.५. रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान चालू दिसतं, लोक येता-जाता दिसतात, गर्दीसुद्धा वाटते, आणि आत तो माणूस स्वतःच्या श्रमाचे पैसेही काढू शकत नसतो. एक दिवस शटर उघडत नाही तेव्हा सगळे म्हणतात अरे, चांगलं चाललं होतं की.

म्हणून प्रेम कितीही असू दे, दुकान टिकतं ते साबण, वह्या, बल्ब, दाढीचं ब्लेड असल्या कंटाळवाण्या आणि दर महिन्याला लागणाऱ्या गोष्टींवर. वर्षातून एकदा ठरवून केलेल्या मोठ्या कौतुकाच्या खरेदीने फार काही होत नाही. अमेरिकेत २०१० पासून स्मॉल बिझनेस सॅटर्डे म्हणून नोव्हेंबरमधला एक शनिवार पाळतात, अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने सुरू केलेला. चांगलंच आहे, पण दुकानाला भाडं बाराही महिने भरावं लागतं. घरातल्या ठराविक खरेदीतला एखादाच भाग, म्हणजे समजा सगळी स्टेशनरी किंवा सगळी औषधं, कायमचा एका दुकानाकडे दिला तर त्याला महिन्याचा अंदाज येतो, तो त्या हिशोबाने माल भरतो, आणि माल जास्त फिरला की ताजा राहतो. म्हणजे फायदा परत आपल्याकडेच येतो.

पैसा गावात फिरतो असं आपण म्हणतो, त्याचं मोजमापही झालंय. २००४ मध्ये सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात अभ्यास केला, तिथले स्थानिक मालकीचे व्यवसाय आणि त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या चेन्स यांची तुलना. ग्राहकाने खर्च केलेल्या दर १०० पैकी स्थानिक दुकानात गेले तर ६८ शिकागोच्या अर्थव्यवस्थेत राहत होते, चेनमध्ये गेले तर ४३. हा एकाच भागाचा अभ्यास आहे, तेच आकडे उचलून जगात कुठेही चिकटवू नयेत, पण कारण कुठेही लागू पडेल असं आहे. छोट्या दुकानदाराचा हिशोब लिहिणारा जवळचा, पाटी रंगवणारा जवळचा, फर्निचर करणारा जवळचा, आणि नफा झाला तर तोही तिथेच खर्च होतो. चेनचं अकाउंट, जाहिरात, खरेदी, सॉफ्टवेअर सगळं हेड ऑफिसमध्ये. तिथे काम करणाऱ्यांचा पगार तेवढा इथे राहतो, आणि तोही महत्त्वाचा आहे हे विसरू नये, त्या मुलामुलींचा काही दोष नाही.

आणि एक गोष्ट जी मला वाचल्यापासून सोडत नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत भयंकर उष्णतेची लाट आली, सातशेहून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी म्हातारी आणि एकटी राहणारी. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर शेजारशेजारचे दोन भाग तपासले, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे वृद्ध जवळपास सारख्या प्रमाणात. पण नॉर्थ लॉन्डेलमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास दहापट. तिथली दुकानं, कारखाने वर्षानुवर्षं बंद पडत गेले होते, रस्ते ओस, रिकामे प्लॉट, म्हातारी माणसं घाबरून दाराबाहेर पडत नव्हती. साउथ लॉन्डेलमध्ये फुटपाथवर वर्दळ, दुकानं चालू, त्यामुळे एकटा माणूसही बाहेर पडायचा, गार हवेच्या दुकानात जाऊन बसायचा, आणि नाही दिसला तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. सगळं श्रेय दुकानांचं असं तोही म्हणत नाही, पण चालू दुकानांचा रस्ता हा त्यातला मोठा भाग होता. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी तर १९६१ मध्येच न्यूयॉर्कच्या आपल्या रस्त्याचं निरीक्षण लिहून ठेवलं होतं, की लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवून जातात. त्यांचं म्हणणं होतं दुकानदाराची रस्त्यावर नजर असते, आणि ती असावी म्हणून कुणाला पगार द्यावा लागत नाही. ॲपच्या गोडाऊनला रस्त्याकडे उघडणारं दारच नसतं हो. तिथे कोण कुणाला ओळखणार.

पार्सल आपल्या वतीने ठेवून घेणं, शाळेतून आलेल्या पोराला पाऊस थांबेपर्यंत उभं राहू देणं, आजोबांना औषधाची वेळ परत समजावून सांगणं, नवीन राहायला आलेल्याला प्लंबर कोण चांगला ते सांगणं, यासाठी कुठल्याच दुकानदाराला काही मिळत नाही. तो हे करतो कारण त्याला उद्याही तिथेच बसायचंय.

आता अर्धा स्टार. पहिली तक्रार एक्सपायरीची. छोट्या दुकानात काही माल हळू फिरतो, मागच्या रांगेतली तारीख बघूनच घ्या, क्रीम आणि औषधांची तर नक्कीच. चांगला दुकानदार तारीख उलटलेला माल दाखवल्यावर लगेच काढून टाकतो आणि थँक्यू म्हणतो, जो वाद घालतो तिथे परत जायची गरज नाही. दुसरं बिल. मागितल्याशिवाय देत नाहीत, कधी मागितलं तर तोंड वाकडं. बिल हवंच, इलेक्ट्रिकच्या वस्तूंना तर वॉरंटीसाठी लागतंच, आणि ठामपणे मागायचं. तिसरं, रिटर्न. ऑनलाइनवाल्यांनी परत घ्यायची इतकी सवय लावलीय की दुकानदाराचा नकार खुपतो, पण छोट्या दुकानात परत आलेला फुटलेला डबा हा थेट त्याच्या खिशातून जातो, म्हणून घेण्याआधीच विचारा बदलून मिळेल का, बहुतेक जण न वापरलेली वस्तू बदलून देतात. चौथी तक्रार जास्त महत्त्वाची वाटते मला, काही दुकानांत माणूस बघून वागणूक बदलते. ओळखीच्याला आधी, नवख्याला नंतर, गरीब दिसला तर उत्तर तोडून. ओळख ही या दुकानांची ताकद आहे आणि तीच ओळख कुणाला तरी बाहेर ठेवायला वापरली जाते, हे वाईट आहे आणि दुकान छोटं आहे म्हणून ते माफ होत नाही. मोठ्या स्टोअरमध्ये कुणी विचारत नाही तुम्ही कोण, काही लोकांना तिथे मोकळं वाटतं त्याचं कारण हेच आहे. माझा पाठिंबा छोट्या दुकानाला आहे, उर्मट दुकानाला नाही.

भावाबद्दल. काही गोष्टी महाग पडतात, सरळ आहे, मोठी चेन ट्रकने माल घेते, हा खोक्याने घेतो, तो भाव याला मिळतच नाही. ज्यांचं महिन्याचं बजेट ताणलेलं आहे त्यांनी स्वस्त मिळेल तिथे घ्यावं, त्यात कुणी कमीपणा दाखवू नये. पण ज्यांना थोडी मोकळीक आहे त्यांनी हिशोब पूर्ण करावा. फ्री डिलिव्हरीसाठी रक्कम भरावी म्हणून टाकलेली न लागणारी वस्तू, एकाऐवजी दहाचं पाकीट, गाडीचं पेट्रोल आणि पार्किंग, चुकीच्या साइजची परत पाठवापाठवी, हे सगळं धरलं तर फरक बराच आटतो, आणि सुट्या वस्तूंत तर छोटं दुकानच स्वस्त पडतं. रिपेअरवाल्यांचं तर बोलायलाच नको. बॅगेची चेन बदलून देणारा माणूस नवीन बॅगेचा खर्च वाचवतो.

पुस्तकांच्या दुकानाबद्दल एक वेगळं उदाहरण आहे ते सांगायलाच हवं. फ्रान्सने १९८१ मध्ये जॅक लांग संस्कृतिमंत्री असताना कायदा केला की नवीन पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार आणि विक्रेत्याने जास्तीत जास्त ५ टक्केच सूट द्यायची, मग तो कोपऱ्यावरचा असो की मोठी चेन. भावाची मारामारीच संपली की दुकानं कशावर स्पर्धा करणार, तर कोण चांगलं सुचवतो, कोण मागवून देतो, कोणाकडे निवड चांगली आहे यावर. म्हणजे छोट्या दुकानाचं जे बलस्थान तेच मैदान झालं. सगळ्या वस्तूंना असा कायदा लावता येणार नाही हे उघड आहे, पण पुस्तकाच्या दुकानात तासभर चाळून, मालकाला चार प्रश्न विचारून, मग बाहेर येऊन फोनवर तेच पुस्तक सूट बघून मागवणं, हे मला अजिबात आवडत नाही. त्याच्या वेळेचे पैसे कुणी दिले? सल्ला त्याचा घेतला तर पुस्तक त्याच्याकडून घ्या, एवढं साधं आहे. बूट मापून बघण्याचं तेच, कॅमेऱ्याचं तेच, सायकलचं तेच.

वापरायचं कसं याच्या थोड्या सूचना, रिव्ह्यू आहे म्हणून. हवी ती वस्तू नसेल तर निघून येऊ नका, मागवाल का विचारा, एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. पण मागवायला सांगितलं तर आणायला नक्की जा, नाहीतर ती वस्तू त्याच्या फळीवर वर्षभर बसते. तुमचं दुकान डिलिव्हरी ॲपवर असेल तरी शक्य तिथे थेट फोन करा किंवा मेसेज टाका, ॲपचं कमिशन त्याच्या त्या उरलेल्या थोड्या मार्जिनमधूनच कापलं जातं. उधार घेतलंत तर ठरलेल्या तारखेला द्या, त्याला होलसेलवाल्याला वेळेवर द्यायचे असतात आणि तिथे त्याची पत असते. दुकान आवडलं तर ऑनलाइन नकाशावर दोन ओळी लिहा, वेळ काय, काय चांगलं मिळतं, फोटो टाका, नवीन आलेल्या माणसाला दुकान तिथेच सापडतं आणि बऱ्याच वयस्कर मालकांना ते स्वतः करता येत नाही. तक्रार असेल तर मात्र आधी समोर सांगा. मोठ्या कंपनीला तक्रार नोंदवायला कस्टमर केअर लागतं, इथे निर्णय घेणारा माणूस समोरच उभा असतो, बहुतेक वेळा तिथल्या तिथे मिटतं.

आणि जायची वेळ. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गर्दीत गेलात तर वस्तू मिळेल पण बोलणं होणार नाही, तेव्हा त्याच्यावर रागावू नका. साइज विचारायचीय, दोन वस्तूंतली कुठली चांगली ते समजून घ्यायचंय, काही दुरुस्तीला टाकायचंय, तर सकाळी दुकान उघडून तासभर झाल्यावर किंवा दुपारी जा, आणि जुना पार्ट, प्रिस्क्रिप्शन किंवा मापाचा कागद बरोबर घेऊन जा.